मुलासाठी वेगळा वेळ काढायचा, की रोजच्या उरकण्यातच तो असतो?

अनवाणी

लहान मुलांविषयीचा कुठलाही धागा उघडा, दहाव्या प्रतिसादाच्या आत 'क्वालिटी टाइम' येतोच. कामावरून आल्यावर अर्धा तास फक्त मुलाचा, त्यात अमुक खेळ, तमुक चित्रांची कार्डं. त्यात वाईट काही नाही. पण या हिशेबात लंगोट बदलणं, अंघोळ, भरवणं, कपडे चढवणं, रडं थांबवणं ही सगळी 'उरकायची' कामं ठरतात आणि मुलाची सगळी वाढ त्या अर्ध्या तासात कोंबली जाते. मला हे उफराटं वाटतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचं माणसांशी नातं जुळतं ते बहुतेक या उरकायच्या कामांतच. मी पाळणाघरांत काम करणाऱ्यांना शिकवते, त्यामुळे हा विषय सतत डोक्यात असतो. म्हणून हा धागा.

हंगेरीतल्या एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर आईबापांविना असलेल्या बाळांसाठी संगोपनगृह सुरू केलं. मुलं पुष्कळ, सांभाळणारी माणसं मोजकी, म्हणजे एकेका बाळाला तासन्‌तास मांडीवर घेणं शक्यच नव्हतं. पिकलरबाईंनी ठरवलं की अंघोळ, भरवणं आणि कपडे बदलणं यांत अजिबात घाई करायची नाही. बाळाला उचलण्याआधी सांगायचं की आता उचलते आहे. बाही चढवताना हात ओढायचा नाही, 'हात दे' म्हणायचं आणि थांबायचं. काही महिन्यांचं बाळसुद्धा थोड्या दिवसांनी हात पुढे करायला लागतं! एरवीच्या वेळात मुलं आपापली मोकळी खेळायची. अनाथालयांतली मुलं त्या काळात जशी निस्तेज आणि मागे पडलेली दिसायची, तशी ही झाली नाहीत.

त्या 'थांबायचं' मध्ये बरंच काही आहे. बाळ काहीतरी करतं: बघतं, हुंकारतं, पाय झाडतं, तोंड फिरवतं. कुणीतरी ते बघतं आणि त्याला जोडून काही करतं. मग पुन्हा बाळाची पाळी. दिवसात शेकडो वेळा हे होतं आणि त्यातून बाळाला कळत जातं की मी काही केलं की जगात काही घडतं. लक्ष एका जागी ठेवणं, बोलण्यात पाळी सांभाळणं, बिनसल्यावर पुन्हा सावरणं, हे सगळं इथूनच सुरू होतं. जन्मलेल्या बाळाला स्वतःचं स्वतःला शांत करणं जवळजवळ जमत नाही. दुसऱ्याच्या शांतपणावर ते शांत होतं, आणि असं पुष्कळदा झाल्यावर कुठे हळूहळू आपलं आपण सावरायला लागतं.

तुमच्या घरी काय होतं ते लिहा. वादही घाला.

पेंगुळलेली

पटलं. पण खरं सांगू का, वाचून दडपणच आलं. अर्धा तास निदान संपायचा तरी! आता रात्री अडीचला लंगोट बदलतानाही मी त्याच्या डोळ्यांत बघून 'पाय उचल' म्हणायचं का? रात्री मी यंत्रासारखी असते.

अनवाणी

@पेंगुळलेली, अडीचला यंत्र व्हा, बिनधास्त.

एडवर्ड ट्रॉनिक नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. आई आणि बाळ समोरासमोर खेळत असतानाच्या चित्रफिती त्यांनी क्षणाक्षणाने तपासल्या. सगळं सुरळीत असलेल्या जोड्यांतही दोघं एकमेकांशी जुळलेली असायची ती सुमारे ३० टक्के वेळ. बाकी वेळ आई हसते तर बाळ दुसरीकडे बघतं, बाळ बोलवतं तर आईचं लक्ष नसतं, किंवा आई नको इतकं गुदगुल्या करते आणि बाळ वैतागतं. फरक पडतो तो सुटलेला धागा पुन्हा पकडण्यात. बाळ चिडलं, आईने ओळखलं, हात आवरता घेतला, बाळ परत हसलं. असं सुटून पुन्हा जुळल्यामुळेच बाळ शिकतं की बिनसलेलं दुरुस्त होतं. शंभर टक्के वेळ जुळलेली आई असती, तर बाळाला हे कळलंच नसतं.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकातच 'पुरेशी चांगली आई' म्हणून गेले. पुरेशी. सर्वोत्तम नव्हे.

टवाळ

आमच्या आजीला नऊ पोरं झाली. 'आता बाही चढवते हं' म्हणायला तिला वेळ होता असं वाटत नाही. नऊच्या नऊ धडधाकट. संशोधन काढायला बसलं की कशातूनही काढता येतं.

चष्मिष्ट

@टवाळ, आजीला संशोधनाची गरज नव्हती हे खरंच. उलट संशोधकांनाच आजीची गरज होती. जॉन वॉटसन हे अमेरिकन मानसशास्त्रातलं तेव्हाचं बडं प्रस्थ. १९२८ च्या पालकत्वावरच्या पुस्तकात त्यांनी आईबापांना सल्ला दिला की मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा! फारच वाटलं तर रात्री कपाळावर एक पापी. ही थट्टा नाही, तेव्हाचं विज्ञान होतं. रुग्णालयांतही आईबापांनी आजारी मुलाला आठवड्यातून एकदा, तेही थोडा वेळ भेटायचं, असले नियम होते. का, तर आई आली की मूल रडतं. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयातल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण दाखवलं, तेव्हा डॉक्टर मंडळी खवळली होती. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने भेटीच्या वेळा खुल्या करा अशी शिफारस केली.

आणि नऊ पोरांच्या घरात आजी एकटी नसणार. थोरल्या पोरी धाकट्यांना कडेवर घेऊन फिरत असणार. बाळाला उत्तर देणारं कुणी ना कुणी सतत हाताशी होतं.

टवाळ

हस्तांदोलन! हे मात्र मी उद्या घरी करून बघणार.

दोनपोरांचा_बाप

धाग्यात आतापर्यंत नुसती आईच आई. मी सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. तरी धाकटा पडला-झडला की आधी माझ्याकडे धावतो. बायकोला हे कधी कधी लागतं. दिवसभर करायचं तिने आणि श्रेय मला. असं का होत असेल?

अनवाणी

ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांचा दीड वर्षं पाठपुरावा केला होता, १९६४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळं एकापेक्षा जास्त माणसांना घट्ट चिकटलेली होती: बाबा, आजी, आजोबा, भावंडं, शेजारी. आणि बाळ कुणाला चिकटतं, हे जास्तीत जास्त तास कोण सोबत असतं यावरून ठरत नव्हतं. त्याच्या खाणाखुणा कोण ओळखतं आणि त्याच्याशी कोण खेळतं-बोलतं, त्यावर ते जास्त अवलंबून होतं.

तुम्ही संध्याकाळी येता तेव्हा बहुधा पूर्ण त्याचे असता. पण बायकोला लागतं हेही समजण्यासारखं आहे. दिवसभर दुसरी शंभर कामं ओढत सांभाळणं आणि ताजातवाना येऊन तासभर खेळणं, यांची तुलनाच अन्यायाची आहे. संध्याकाळी खेळण्याऐवजी अंघोळ तुम्ही घाला. नात्याचं नातं आणि तिला सुट्टी.

दोनपोरांचा_बाप

फसलो.

रातकिडा

आमचं सात महिन्यांचं आहे. रडलं की मी उचलते. घरातले सगळे म्हणतात, सवय लागेल, डोक्यावर बसेल. सवय लागते का?

चष्मिष्ट

@रातकिडा, मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांचा १९७२ चा अभ्यास यावर नेहमी दिला जातो: पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आयांनी पटकन दाद दिली, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. फक्त तो अभ्यास २६ जोड्यांचा होता आणि त्याच्या आकडेमोडीवर पुढे टीकाही झाली. त्यामुळे 'उचला म्हणजे रडणं कमी होईल' अशी हमी मी देणार नाही. 'उचललं की बिघडतं' याला मात्र काडीचा आधार नाही.

अनवाणी

मी यात एक भर घालते. बिघडतं की नाही हे रडण्याच्या मिनिटांवर का मोजायचं? मिनेसोटा विद्यापीठाच्या मेगन गनर यांच्या चमूने लहान मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. अनोळखी, दचकवणाऱ्या गोष्टी पुढ्यात आल्यावर बुजरी मुलं आईला बिलगायची. नातं भरवशाचं असेल तर बिलगूनही कॉर्टिसॉल फारसं चढत नव्हतं. नातं डळमळीत असलेल्या बुजऱ्या मुलांत ते चढत होतं. म्हणजे वरून दोघंही घाबरलेली दिसतात, पण आत शरीरात वेगळं चाललेलं असतं. आईच्या कडेवरचं मूल रडलं म्हणून 'उचलून काय उपयोग झाला' असं म्हणता येत नाही.

आणि सातव्या-आठव्या महिन्यापासून नजरेआड झालं की रडणं वाढतंच. कोण आपलं नि कोण परकं हे कळायला लागल्याची ती खूण आहे. घरच्यांना सांगा, डोक्यावर बसायला त्याला अजून नीट बसता तरी येऊ दे.

मी_वाचक

वाचतोय. चांगला धागा.

खटपट्या

आता फोनवर बोलू या का? सगळे मनात तोच विचार करत असणार आणि कुणी काढत नाहीये. मी स्वतः घरून काम करतो, मुलगी दोन वर्षांची. तिला मोबाइल देत नाही. पण माझा माझ्या हातात असतोच.

अनवाणी

बरं झालं काढलंत, कारण चर्चा नेहमी मुलाच्या हातातल्या फोनची होते.

२०१७ मध्ये जेसा रीड, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी एक साधा प्रयोग केला. आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवायचे. एक शब्द शिकवताना मध्येच फोन यायचा, दुसरा शब्द शिकवताना नाही. दोन्ही शब्द मुलाच्या कानावर सारख्याच वेळा पडतील याची काळजी घेतली होती. मुलं अखंड शिकवलेला शब्द शिकली, फोनने तुटलेला शिकली नाहीत. शब्द तेवढेच, आई तीच. तुटली ती फक्त देवघेव.

मुलीकडे बघून 'एक मिनिट हं, फोन आलाय' म्हणा, बोला, आणि परत आल्यावर जिथे सोडलं होतं तिथून उचला. सारखं अर्धं लक्ष देत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चष्मिष्ट

याच्याच जवळचा पॅट्रिशिया कुल यांचा २००३ चा प्रयोग मला फार आवडतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात, जे त्यांच्या आईबापांना बापजन्मात जमत नाही. वर्ष भरत येईपर्यंत बाळांचं ते कसब ओसरतं, कारण घरात ऐकू येतं तेवढंच मेंदू धरून ठेवतो. कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. बारा बैठका. एका गटात चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळत, वाचत होती. दुसऱ्या गटाला तीच माणसं पडद्यावर दिसत होती. समोर माणूस असलेल्या बाळांना मँडरिनचे ध्वनी ओळखता आले. पडद्यावाल्यांची प्रगती शून्य.

खटपट्या

मग आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल पण बाद?

चष्मिष्ट

नाही, ते चालतात! २०१४ मध्ये यावरही प्रयोग झाला. दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकली, त्याच माणसाच्या ध्वनिमुद्रित चित्रफितीवरून शिकली नाहीत. कॉलवरची आजी 'काय दाखवतोस?' म्हणून थांबते आणि दाखवलं की दाद देते. पडदा असला तरी पलीकडे ऐकणारं कुणीतरी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना एक वर्षाच्या आत पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको असं सांगतात, पण त्या मुख्यतः बसून नुसतं बघत राहण्याबद्दल आहेत.

जुनेजाणते

त्या 'तीन कोटी शब्दां'चं काय? गरीब घरातली मुलं तीन वर्षांची होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतात असं आम्हाला एका शिबिरात ठासून सांगितलं होतं. तेव्हापासून सून नातवाच्या कानाशी अखंड बोलत असते. ते पोर थकतं हो.

अनवाणी

काका, तो आकडा बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५ च्या पुस्तकातला. अमेरिकेतल्या कॅन्ससमधली ४२ कुटुंबं, महिन्यातून एक तास नोंद, आणि त्यावरून गुणाकार करून काढलेला आकडा. त्यावर पुष्कळ वाद झाला. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगवेगळ्या वस्त्यांत मोजलं, तेव्हा एवढी दरी सापडली नाही, आणि आसपासच्या इतर माणसांचं बोलणं धरलं तर चित्र आणखी बदललं. गरीब आयांना 'तुम्ही कमी बोलता' म्हणून हिणवायला तो आकडा फार वापरला गेला, याचा मला राग आहे.

त्याच वर्षी रेचल रोमिओ यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचं घरातलं बोलणं नोंदवलं आणि मेंदूचं चित्रणही केलं. गोष्ट ऐकताना मेंदूतला भाषेचा भाग किती जागा होतो, याचा संबंध सापडला तो संभाषणातल्या पाळ्यांशी. मोठ्यांनी ऐकवलेल्या एकूण शब्दांशी नाही, घरच्या उत्पन्नाशीही नाही. सूनबाईंना म्हणावं, बोला आणि मग गप्प बसा. त्याची पाळी येऊ द्या. बाळ उत्तराला वेळ लावतं, मोठ्यांना तेवढी शांतता सहन होत नाही.

जुनेजाणते

हे मी सांगितलं तर मलाच गप्प बसवतील. धाग्याचा दुवा पाठवतो.

निनावी_२

वेगळ्या आयडीने लिहितोय. बाळ तीन महिन्यांचं आहे. बायको त्याचं सगळं करते, वेळच्या वेळी. पण चेहरा कोरा असतो. हसत नाही, बोलत नाही. झोपही नाही. वर ट्रॉनिक यांचं नाव वाचून शोधलं तर त्यांचा तो आईने चेहरा निर्विकार ठेवायचा प्रयोग सापडला. त्यातलं बाळ आधी हसून बघतं, हात पसरतं, मग तोंड फिरवतं. आमचं बाळ हल्ली तसंच तोंड फिरवतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

अनवाणी

@निनावी_२, लिहिलंत ते फार बरं केलंत.

पहिली गोष्ट बायकोची. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, बऱ्याच जणींना होतो आणि उपचारांनी बरा होतो. 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. या आठवड्यातच प्रसूतितज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सोबत तुम्ही जा, आणि झोप लागत नाही हे आवर्जून सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार ती बोलली तर त्याच दिवशी न्या, एकटं ठेवू नका.

आता बाळाचं. तो प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईने दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवला की बाळ तिला परत बोलवायची धडपड करतं आणि जमलं नाही की मान फिरवतं. ते बघताना पोटात तुटतं. पण शेवटचा भाग लोक विसरतात: आई पुन्हा हसायला लागते आणि बाळ, थोडं कुरकुरत का होईना, परत येतं. तीन महिन्यांचं बाळ म्हणजे फार सुरुवात आहे. बायकोला बरं वाटेपर्यंत तुम्ही, आजी, मावशी, जे कुणी असेल त्याने बाळाशी बोलायचं, हसायचं, त्याला दाद द्यायची. ती बाळाचं वेळच्या वेळी करते आहे, हेही प्रेमच आहे. ते तिला बोलून दाखवा. प्रयोगाबद्दल मात्र तिला आत्ता काही सांगू नका.

पेंगुळलेली

@निनावी_२, मी यातून गेले आहे. औषधं चालू झाल्यावर हळूहळू बाळाचा वास यायला लागला. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

निनावी_२

उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. बहीणही येते आहे राहायला. आभार दोघींचे.

सांजवात

आम्ही मुलीला दत्तक घेतलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. असे धागे मी अर्धवट वाचून बंद करते. 'पहिल्या तीन वर्षांत' असं वाचलं की वाटतं, आमची गाडी सुटली.

चष्मिष्ट

@सांजवात, यावर जगातला सगळ्यात काटेकोर अभ्यास बुखारेस्टचा आहे. रोमानियात अनाथालयं ओसंडून वाहत होती. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी १३६ मुलांवर काम सुरू केलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं त्यांना सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्ध्यांकात, भावनांत, नातं जोडण्यात पुढे गेली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना जास्त फायदा झाला, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण दोननंतर दार बंद होतं असं त्यातून निघत नाही. उशिरा गेलेलीही सुधारली, आणि भाषेचं दार बुद्ध्यांकापेक्षा वेगळ्या वेळी, भावनांचं त्याहून वेगळ्या वेळी अरुंद होतं. शिवाय ती अनाथालयं अशी होती की सांभाळणारी माणसं पाळीपाळीने बदलत आणि कित्येक मुलांना आपलं असं एकही माणूस नव्हतं. तुमची मुलगी आधी कुठे, कुणाजवळ होती, यावरही पुष्कळ अवलंबून आहे.

सांजवात

एक ताई होत्या तिथे. तिच्या तोंडी अजून त्यांचं नाव येतं. खरं तर मला ते थोडं खुपायचं.

अनवाणी

त्यांचं नाव येतं म्हणजे तिला कुणाला तरी धरायला येत होतं, आणि तेच ती तुमच्या घरी घेऊन आली. शक्य असेल तर ताईंचा फोटो घरात लावा.

बालवाडीताई

उशिरा आले. पाळणाघरवाल्यांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे दर काही महिन्यांनी सांभाळणाऱ्या बायका बदलतात. पगार कमी, काम पाठ मोडणारं, का राहतील? अनवाणींनी लिहिलेलं मला सगळं पटतं, पण एका बाईकडे दहा तान्ही दिली तर 'हात दे' म्हणून ती थांबणार कधी? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, १९९१ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांच्या, दिसलं होतं की पाळणाघरापेक्षा घरचं वातावरण मुलाबद्दल जास्त सांगून जातं. आईबापांना दिलासा म्हणून ते ठीक. पण तेवढ्यावर पाळणाघरांनी स्वतःला मोकळं समजू नये.

अनवाणी

शंभर टक्के सहमत. मी प्रशिक्षण देऊन निघून जाते, गर्दी तुमच्याकडेच राहते. एकेका बाईकडची मुलं कमी केल्याशिवाय हे नीट होणार नाही, आणि त्याला पैसे लागतात. तोवर एक करता येतं: प्रत्येक मुलाचं एक ठरलेलं माणूस. लंगोट, झोपवणं, सकाळी दारातून घेणं शक्यतो त्याच बाईने. पिकलरबाईंच्या लोत्सी रस्त्यावरच्या संगोपनगृहातही तसंच होतं.

बालवाडीताई

ते करतो. प्रश्न ती बाई सोडून जाते तेव्हाचा. एकजण या महिनाअखेरीस जाते आहे, तिच्याकडे चार पोरं आहेत. मालकीणबाई म्हणतात मुलांना काही सांगू नका, उगाच रडतील.

अनवाणी

सांगा. दीड वर्षाच्या मुलालाही सांगा, आणि तिनेच सांगायचं. नवी बाई आजपासूनच तिच्या शेजारी बसू दे. पहिले काही दिवस नुसती बघेल, मग लंगोट दोघी मिळून, मग नवी बदलेल आणि जुनी शेजारी असेल. कोण पोटावर झोपतं, कुणाला अंघोळीला पाणी अंगावर एकदम नको, हे लिहून घ्या, नाहीतर ते तिच्याबरोबर जाईल. रडतील, रडू द्या. मालकीणबाईंशी मी बोलू का? क्रमांक व्यनि करा.

बालवाडीताई

करते. सोमवारी दुपारी दोननंतर फोन करा, तेव्हा पोरं झोपलेली असतात.